पाषाणांची उलट साक्ष : भूचुंबकीय विपर्यासाच्या शोधाचा इतिहास

पृथ्वी हा स्वतःच एक महान चुंबक होय, हा सिद्धांत विल्यम गिल्बर्ट यांनी १६०० साली मांडला. या क्षेत्राचा उगम मुख्यतः भूगर्भातच आहे, हे १८३९ मध्ये गाउस यांनी गणिताने सिद्ध केले. परंतु या क्षेत्राची दिशा पूर्णपणे पालटू शकते, ही गोष्ट उघड झाली ती विसाव्या शतकात, पाषाणांच्या साक्षीवरून.

लाव्हारस निवताना त्यातील लोहयुक्त खनिजे तत्कालीन क्षेत्राची दिशा धारण करतात व ती दीर्घकाळ जतन करतात. या अर्थाने असा खडक म्हणजे एक शिलालेखच होय. १९०६ मध्ये बेर्नार ब्र्यून यांनी फ्रान्समधील पोंफारें येथील लाव्हा व त्याच्या उष्णतेने भाजून निघालेली माती तपासली. दोन्ही द्रव्ये भिन्न असूनही दोहोंतील दिशा आजच्या क्षेत्राच्या उलट निघाली. उलट चुंबकत्वाचा विशिष्ट भूशास्त्रीय काळाशी संबंध असल्याचे १९२९ मध्ये मोतोनोरी मातुयामा यांनी दाखविले.

तथापि ही साक्ष सर्वमान्य झाली नाही. पालटले ते क्षेत्र, की लेख कोरणाऱ्या पाषाणानेच प्रमाद केला? ही शंका अनाठायी नव्हती. काही खनिजे बाह्य क्षेत्राच्या विरुद्ध दिशेने चुंबकित होऊ शकतील, असे लुई नेएल यांनी १९५१ मध्ये प्रतिपादिले. आणि तसा खडक जपानमधील हारुना ज्वालामुखीच्या परिसरात लवकरच सापडलाही.

शिवाय कार्यकारणभावही अस्पष्ट होता. बाह्य गाभ्यातील द्रवरूप लोहाच्या अभिसरणातून क्षेत्राची निर्मिती होते, या उपपत्तीचे बीज १९१९ मध्ये जोसेफ लार्मर यांनी पेरले. एल्सासर व बुलर्ड यांनी ती पुढे विकसित केली. तिच्या समीकरणांत क्षेत्राचे चिन्ह बदलले तरी समीकरणे अबाधित राहतात. अर्थात विपर्यास शक्य ठरतो. परंतु तो प्रत्यक्षात घडला, हे एवढ्याने सिद्ध होत नाही.

निर्णय झाला तो कालगणनेने. १९६३ पासून अमेरिकेत कॉक्स, डोएल व डॅलरिंपल यांनी, तसेच ऑस्ट्रेलियात मॅकडूगल व टार्लिंग यांनी, पोटॅशियम-आरगॉन पद्धतीने लाव्हाथरांची वये ठरविली. परस्परांपासून दूर असलेल्या प्रदेशांतील समवयस्क खडकांची दिशा एकच निघाली. एखादा पाषाण प्रमाद करील. परंतु सर्वत्र एकाच काळी तोच प्रमाद घडणे असंभाव्य होय. १९६३ मध्येच व्हाइन व मॅथ्यूज यांनी सागरतळावरील चुंबकीय पट्ट्यांचा अर्थ याच विपर्यासांच्या आधारे लावला. सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीच्या सह्याद्रीच्या लाव्हाथरांतही सुलट व उलट असे दोन्ही लेख आढळतात.

शेवटचा विपर्यास सुमारे ७ लक्ष ७५ हजार वर्षांपूर्वी घडला. विपर्यास कोणत्या क्षणी सुरू होईल, हे आजही आधी सांगता येत नाही. मात्र कारण पूर्णतः उमगले नाही म्हणून साक्ष नाकारता येत नाही, आणि साक्षीची कसोटी घेतल्यावाचून ती स्वीकारताही येत नाही, हे या अर्धशतकाहून अधिक काळ चाललेल्या वादाने दाखवून दिले. आज चालू असलेल्या चुंबकीय युगाला ब्र्यून यांचे, तर त्यापूर्वीच्या उलट युगाला मातुयामा यांचे नाव आहे. ब्र्यून मात्र १९१० सालीच निवर्तले होते.