सारा, जुडी आणि मत

१९३५च्या हिंदुस्थान सरकार कायद्याचे सहावे परिशिष्ट कोणी आवडीने वाचत नाही. मत कोणाला द्यायचे आणि कोणाला नाही याची प्रांतवार जंत्री, एवढेच त्याचे स्वरूप. पण १९३७ सालच्या निवडणुकीत मुंबई इलाख्यात कोणी कोणाला मत दिले हे समजून घ्यायचे, तर सुरुवात तिथूनच करावी लागते. कारण त्या परिशिष्टाप्रमाणे मतदार हा आधी सरकारदप्तरी नोंदलेला पैसे भरणारा माणूस होता. खेड्यात निदान ८ रुपये साऱ्याची जमीन हवी, मग ती मालकीची असो की कुळ म्हणून कसलेली. मुंबई शहरात वर्षाला ६० रुपये भाड्याची जागा हवी, म्हणजे महिन्याला ५ रुपयांची खोली. प्राप्तिकर भरत असाल तर प्रश्नच नाही. सारा सात रुपये पंधरा आणे असला आणि दुसरी कोणतीही पात्रता नसली, की नाव यादीबाहेर. मतदारयादी तयार करणाऱ्याला राजकारण कळायची गरज नव्हती, साऱ्याचा आकडा वाचता आला की झाले.

त्याच परिशिष्टात अस्पृश्य जातींसाठी दोन जादा दारे ठेवली होती. एक साक्षरतेचे. दुसरे असे, की गावाचा कनिष्ठ नोकर म्हणून, वंशपरंपरेने किंवा तसे नसतानाही, काम करणाऱ्यालाही मत मिळे. म्हणजे वेसकरी करणारा, सरकारी टपाल पुढच्या गावी पोचवणारा, अंमलदार आला की त्याच्या घोड्यापुढे धावणारा महार त्या चाकरीपोटीच मतदार झाला. आणि या मतदारांपैकी पुष्कळांनी ज्या माणसाच्या पक्षाला मत दिले, तो माणूस १९२८ पासून हीच चाकरी मोडा म्हणून कायदेमंडळात भांडत होता.

डॉ. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाला लोकांनी मते का दिली, याचे तयार उत्तर सगळ्यांना पाठ आहे: जात आणि बाबासाहेब. ते खोटे नाही. महाड आणि नाशिकच्या सत्याग्रहांना दहा वर्षेही झाली नव्हती, पुणे कराराला पाचच. परंतु कायदेमंडळाची छापील कार्यवृत्ते शेजारी ठेवून वाचली, की या उत्तराच्या पोटात आणखी एक उत्तर सापडते. ते पैशाचे आहे: कोणाकडून किती घेतात, कोणाच्या हातून घेतात आणि त्या बदल्यात काय देतात.

१९२७च्या फेब्रुवारीत आंबेडकर मुंबई कायदेकौन्सिलात नेमलेले सभासद म्हणून आले. त्याच महिन्यात, २४ तारखेला, ते अर्थसंकल्पावर बोलले. ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतिक अर्थकारणावर त्यांचा ग्रंथ १९२५ साली लंडनमध्ये छापून आलेला होता, त्यामुळे आकड्यांपुढे बिचकण्याचा प्रश्न नव्हता. त्यांचा मुद्दा अगदी साधा होता. प्राप्तिकर उत्पन्नावर बसतो. त्या काळी वर्षाला २,००० रुपयांपर्यंत तो नव्हताच, आणि एखाद्या वर्षी कमाई झाली नाही तर काही भरावे लागत नाही. शेतसारा मात्र दोन एकरवाल्यालाही चुकत नाही, पीक बुडाले तरी देणे डोक्यावर राहतेच. व्यापारी आणि कुणबी एकाच सरकारचे प्रजाजन असताना एकाला एक न्याय आणि दुसऱ्याला दुसरा, हे कसे?

त्यानंतर जेमतेम पंधरा दिवसांनी, १२ मार्चला, शिक्षणाच्या अनुदानावरचे त्यांचे भाषण झाले. मला ते अर्थसंकल्पावरच्या भाषणापेक्षाही धारदार वाटते. सरकार शिक्षणावर दरडोई १४ आणे खर्च करते आणि दारूच्या, म्हणजे अबकारीच्या, रूपाने दरडोई दोन रुपयांहून जास्त वसूल करते, हे त्यांनी सभागृहापुढे मांडले. जेवढे दारूतून घेता तेवढे तरी शाळेवर घाला, ही मागणी. शिक्षणप्रसाराचा वेग असाच राहिला तर शाळेच्या वयाची सगळी मुले शाळेत यायला ४० वर्षे आणि मुली यायला ३०० वर्षे लागतील, हा हिशेबही त्यांनी सरकारी अहवालातूनच काढून दाखवला.

पक्ष स्थापन झाला तो ऑगस्ट १९३६ मध्ये. त्याच्या जाहीरनाम्यात शेतकऱ्यांसाठी भूविकास बँका आणि सहकारी संस्था आहेत, तांत्रिक शिक्षण आहे, गरज पडेल तिथे उद्योग सरकारने चालवावेत असे आहे, गिरणी कामगारांसाठी कामाचे तास, पगारी रजा, निवृत्तिवेतन आणि स्वस्त घरे आहेत. खेड्यांसाठी सभागृह, वाचनालय आणि फिरता सिनेमा! हा सिनेमा वाचून हसू येते. पण खर्चाच्या यादीत करमणुकीला जागा देणारा पक्ष आपला मतदार कोण म्हणून पाहतो, हेही त्यातून कळते.

हा जाहीरनामा आणि काँग्रेसचा १९३१चा कराची ठराव समोरासमोर ठेवले, तर कागदावर फार अंतर दिसत नाही. कराचीतही शेतसारा कमी करणे, मोठ्या शेती-उत्पन्नावर चढता कर, वारसाकर, मिठावरचा कर रद्द आणि कोणाही सरकारी नोकराला सहसा ५०० रुपयांवर पगार नको, असे सगळे आहे. मतदाराने निव्वळ कलमे मोजली असती तर निवड करणे अवघड होते. तेव्हा कलमांपेक्षा आधीच्या दहा वर्षांत कोणी काय केले हे त्याने पाहिले असावे, असा माझा तर्क आहे. गुजरातेत बारडोलीच्या खातेदाराला १९२८ची साराबंदी आठवत होती, म्हणून तो काँग्रेसचा. दक्षिणेकडे महार वतनदाराला, म्हणजे वंशपरंपरेने गावचाकरी करणाऱ्याला, त्याच साली आंबेडकरांनी मांडलेले दुसरेच बिल आठवत होते.

मुंबईच्या ई आणि एफ वॉर्डांत आंबेडकरांसमोर काँग्रेसने उभे केले होते पालवणकर बाळूंना. १९११च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेणारा हा डावखुरा फिरकी गोलंदाज स्वतः चांभार समाजातला, परळ-लालबागेत घरोघरी माहीत असलेला माणूस. आंबेडकरांना १३,२४५ मते पडली आणि बाळूंना ११,२२५. मात्र हा मतांचा आकडा आहे, माणसांचा नव्हे. बहुसदस्य मतदारसंघात मतदाराला जागा तितकी मते असत आणि ती सगळी एकालाच टाकता येत. पक्षाने १७ उमेदवार उभे केले आणि त्यांतले बहुतेक निवडून आले. १४ की १५, हे ग्रंथागणिक बदलते.

या विजयी उमेदवारांत कोकणातून आलेले अनंतराव चित्रे आणि शामराव परुळेकर होते. अस्पृश्य नसलेले हे दोघे या पक्षातून निवडून आले, हे केवळ जातीच्या हिशेबात बसत नाही. ते खोतीच्या हिशेबात बसते. रत्नागिरी जिल्ह्यात सरकार आणि कसणारा यांच्या मध्ये खोत बसलेला असे. भाताच्या जमिनीत तो निम्मे पीक घेई, त्याला अर्धेल म्हणत. वरकस जमिनीत तिसरा हिस्सा, ती तिर्धेल. त्यातून सरकारचा ठरलेला सारा खोत भरी आणि उरलेले त्याचे. समजा कुळाच्या खाचरात सोळा मण भात झाले. आठ मण खोताच्या कणगीत गेले, आणि त्यातले सरकारपर्यंत किती पोचले हे विचारायची सोय कुळाला नव्हती. कुणबी, महार, भंडारी, सगळी कुळे या एका बाबतीत एकाच रांगेत उभी होती.

१७ सप्टेंबर १९३७ रोजी आंबेडकरांनी खोती नष्ट करण्याचे बिल मांडले. खोताला वाजवी भरपाई द्यावी आणि कुळाला जमीन महसूल कायद्याखालचा कब्जेदार करावे, हा त्याचा गाभा. म्हणजे सारा नको असे कुळ म्हणत नव्हते. सारा मी भरतो, पण थेट सरकारला, माझ्या नावाने पावती घेऊन, असे म्हणत होते. १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकरी मुंबईत कौन्सिल हॉलवर चालून आले तेव्हाही मागणी हीच होती. बिल काही पास झाले नाही. खोती गेली ती १९४९च्या कायद्याने.

निवडणुकीनंतर आलेल्या बाळासाहेब खेरांच्या काँग्रेस मंत्रिमंडळाशी पक्षाचे खटके उडाले तेही पैशावरूनच. मंत्र्यांनी ५०० रुपयेच पगार घेण्याच्या त्यागाचे देशभर कौतुक होत असताना आंबेडकरांनी ऑगस्ट १९३७ मध्ये विचारले, की पगार ठरवताना लायकी, कारभाराची शुद्धता आणि गरिबालाही मंत्री होता यावे ही गोष्ट कोणी पाहिली का. सभागृहात हे बोलणे लोकप्रिय होण्यासारखे नव्हते. पुढे अर्थमंत्री अण्णासाहेब लठ्ठे यांच्या अर्थसंकल्पातून दारूबंदी आली. अबकारी हा प्रांताच्या उत्पन्नाचा सुमारे चौथा हिस्सा. तो सोडायचा आणि खड्डा भरायला शहरातल्या घरांवर भाडेमूल्याच्या दहा टक्के मालमत्ता कर बसवायचा. १ ऑगस्ट १९३९ रोजी मुंबईत दारूबंदी सुरू झाली. आंबेडकर स्वतः दारूला शिवणारे नव्हते, तरी शिक्षण आणि आरोग्य यांना पैसा नसताना हा खर्च आधी का, हा त्यांचा आक्षेप. तो १९२७च्या चौदा आण्यांच्याच हिशेबातून आला होता.

आता पुन्हा वतनाकडे. १९ मार्च १९२८ रोजी मांडलेल्या बिलात महार वतनदारांना अशी मुभा मागितली होती, की त्यांनी जमिनीचा पूर्ण सारा भरावा आणि चाकरीतून मोकळे व्हावे. वतनी जमिनीवर पूर्ण सारा नसे, जुडी नावाची कमी पट्टी असे, उरलेली सूट म्हणजे चाकरीचा मोबदला. ती सूट आम्ही सोडतो, तुम्ही चाकरी सोडा. इतका सरळ व्यवहार. पण चर्चेत अडकून १९२९ साली बिल मागे घ्यावे लागले. दहा वर्षांनी सरकारने अर्धाच व्यवहार केला: जुडी वाढवली, चाकरी ठेवली. डिसेंबर १९३९ मध्ये नगर जिल्ह्यात हरेगावला महार, मांग आणि वेठिया यांची परिषद भरली ती या वाढीविरुद्ध. ऑगस्ट १९४१ मध्ये सिन्नरला पुन्हा भरली. स्वतंत्र मजूर पक्ष १९४२ साली शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनमध्ये विरून गेला, तोवर जुडीचा प्रश्न त्याच्या सभांतून हटला नव्हता.

कनिष्ठ गावनोकरांची वतने रद्द करणारा कायदा मुंबई राज्यात १९५८ साली झाला. चाकरी संपली. जमिनीला पूर्ण आकार, म्हणजे पूर्ण सारा, लागू झाला आणि ती मूळ वतनदाराला परत द्यायची ठरली. त्यासाठी त्याने आकाराच्या पटीत कब्जेहक्काची रक्कम मुदतीत भरायची होती. भरली की जमीन त्याची, पण नव्या शर्तीची. विकायची तर कलेक्टरची परवानगी लागे.