कोर आणि माची

गेल्या पावसाळ्यात आमच्या शेजारची मावशी गेली. इगर्जीत प्रेतयात्रेची मिस्सा चालू असताना मी मागच्या बाकावर बसलो होतो. डोक्यावर, दरवाज्याच्या वरच्या सज्जात कोर गात होता. आयुष्याची चाळीसएक वर्षे तिथूनच तिचा आवाज येत असे. त्या दिवशी तो आला नाही, तेव्हा ती खरोखरच गेली हे मला पटले.

मावशीची दोन ठिकाणे होती. रविवारी सकाळी कोर आणि फेस्ताच्या रात्री तियात्राची माची. आमचे घर हिंदू, तिचे ख्रिस्ती. मधे फक्त एक दगडी वय. तियात्राच्या तालमी तिच्याच बल्कांवात चालायच्या. मी शाळकरी पोर, मराठी शाळेतला. तिची वही रोमी अक्षरांतली. वाक्ये मागून पुरवायला कुणी नसले की ती मला बसवायची. मी अडखळत वाचायचो आणि तालीम हसण्यात बुडून जायची. बोलायची भाषा एकच, पण माझ्या घरी लिहायची मराठी आणि तिच्या घरी रोमी कोकणी. ही गोव्याची गंमत मला पुस्तकातून नव्हे, त्या वहीतून कळली.

पुढे तियात्राचा इतिहास वाचू लागलो. पहिला तियात्र ‘इटालियन भुरगो’ १७ एप्रिल १८९२ रोजी झाला, तोही गोव्यात नव्हे, मुंबईत. लुकाझिन्य रिबेर हे त्याचे कर्ते. त्यांच्यासोबत होते मडगावच्या बोर्ड्याचे जुआंव आगुस्तिन्य फेर्नांडिस. पुढे ‘पाय तियात्रीस्त’, म्हणजे तियात्राचे जनक, म्हणून ते ओळखले गेले. सुरुवातीला बायकांची कामे पुरुषच करत. १९०४ साली फेर्नांडिस यांच्या ‘भाटकारा’ या तियात्रात त्यांची पत्नी रेजिना माचीवर उभी राहिली. तियात्रातली ती पहिली स्त्री. बालगंधर्व किर्लोस्कर मंडळीत दाखल झाले ते १९०५ साली, हे ध्यानात घेतले म्हणजे या घटनेचे मोल कळते. आपल्याकडे पुरुषाने साकारलेल्या स्त्रीचा सुवर्णकाळ अजून यायचा होता, तेव्हा मुंबईतल्या गोंयकारांनी लुगड्यातला पुरुष बाजूला सारायला सुरुवात केली होती.

आणि कोर? तिथली गोष्ट नेमकी उलटी. रेजिना माचीवर चढली त्याच्या आदल्या वर्षी, २२ नोव्हेंबर १९०३ रोजी, दहाव्या पायस पोपनी चर्चसंगीताविषयी एक आज्ञापत्र काढले. चर्चमधला गायक हे धर्मकार्यातले पद आहे, म्हणून स्त्रियांना गायकवृंदात घेऊ नये; उंच स्वर हवे असतील तर मुलगे घ्यावेत, असे त्यात म्हटले होते. २२ नोव्हेंबर हा संत सिसिलियाचा दिवस. ती संगीताची संरक्षक संत, आणि बाई! तिच्याच सणाला बाईचा आवाज वर्ज्य ठरला. पुढे १९५५ साली बाराव्या पायस पोपनी हा निर्बंध सैल केला आणि १९६७ च्या सूचनेने स्त्री-पुरुषांच्या एकत्र गायकवृंदाला स्पष्ट मान्यता दिली.

मावशीला या तारखा ठाऊक नव्हत्या. तिला आठवत होते ते एवढेच, की लहानपणी भाऊ जिना चढून कोरात जायचा आणि ती खाली आईजवळ बसायची. फिर्गजेच्या शाळेत मेस्त भावाला स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवायचा. भाऊ घरी रियाज करायचा, हिने तो ऐकून ऐकून उचलला. तियात्रातली कितीतरी वादक-गायक मंडळी अशा मेस्तांच्या हाताखाली तयार झाली. इगर्जीत शिकलेले सूर रात्री तियात्राच्या कांतारात वाजत. म्हणजे कोर आणि माची यांचे मूळ एकच. फरक इतकाच, की बाईसाठी एक दार लवकर उघडले आणि दुसरे उशिरा. मावशी आधी माचीवर गेली, मग कोरात.

मात्र माचीचे दार उघडले म्हणून वाट सोपी झाली नाही. तियात्रात काम करणाऱ्या मुलीकडे गाव कसे बघतो, हे तिने सोसले होते. एकदा तिचे जुळत आलेले लग्न त्यापायी मोडले, असे माझी आई सांगायची. मावशीने स्वतः तो विषय कधी काढला नाही. लग्नही केले नाही.

१९३३ च्या ‘आंधळ्यांची शाळा’मध्ये आपल्या बांदिवड्याच्या ज्योत्स्नाबाई भोळे यांनी काम केले, याचा आम्हा गोमंतकीय मराठी माणसांना सार्थ अभिमान आहे. पण रेजिनाचे नाव आपल्यातल्या किती जणांना ठाऊक आहे? गोमंतकाच्या रंगभूमीविषयी आपण लिहितो तेव्हा जत्रेतले नाटक येते, दशावतार येतो. वईपलीकडचा तियात्र मात्र लिपीमुळे पलीकडेच राहतो. मीही आजवर तेच केले. रेजिना निदान तियात्राच्या इतिहासात आहे. मावशीसारख्या गावोगावच्या बायका तर कुठल्याच लिपीत नाहीत.

तिच्या भाचीने ती वही मला दिली आहे. पाने पिवळी पडली आहेत, कडेला पेन्सिलीने स्वर लिहिले आहेत. आता मी न अडखळता वाचतो. हसायला मात्र बल्कांवात कुणी नाही.