आगळ्या कुंडीला साजेल असे रोप

अंगणातील तुळशीवृंदावन हे गोमंतकातील कुंडीचे सर्वांत जुने आणि सर्वांत प्रतिष्ठेचे रूप. रोपाइतकेच त्याच्या पात्रालाही महत्त्व देण्याची ही वृत्ती इतरत्रही दिसते. इटलीच्या सिसिली बेटावरील काल्ताजिरोने हे गाव मानवी मस्तकाच्या आकाराच्या रंगीत मृत्तिकापात्रांसाठी प्रसिद्ध आहे. फसवणाऱ्या प्रियकराचे शिर कापून एका तरुणीने त्यात रोप लावले, अशी पालेर्मो शहरातील दंतकथा त्या पात्रांशी जोडलेली आहे. कथेतले ते रोप म्हणजे तुळशीच्याच गणातील सब्जा.

आज आपल्याकडेही हसरी मस्तके, घुबडे, हत्ती, जुन्या किटल्या, फुटके कप, करवंट्या आणि टाकून दिलेले बूटसुद्धा कुंड्या म्हणून सज्जात मांडले जातात. मात्र बहुतेकदा कुंडी आधी आवडते आणि रोपाचा विचार मागाहून होतो. मग चतुर्थीपर्यंत कुंडी शिल्लक राहते आणि रोप कुजून जाते. हे टाळायचे तर निवडीचा क्रम नीट लावावा लागतो.

आधी पात्र पारखावे

पहिला प्रश्न तळाच्या भोकाचा. शोभेच्या अनेक पात्रांना ते नसते. भोकाऐवजी तळाशी खडी घालण्याचा उपाय सर्रास केला जातो. परंतु त्याने पाण्याचा निचरा होत नाही. बारीक मातीतले पाणी खालच्या जाड खडीत सहजासहजी उतरत नाही, ते मुळांपाशीच साचून राहते. चिनी मातीच्या पात्राला फरशीसाठी वापरतात त्या ड्रिलने, वर पाणी शिंपडत, सावकाश भोक पाडता येते. ते शक्य नसेल तर रोप प्लास्टिकच्या साध्या कुंडीत वाढवून ती कुंडी शोभेच्या पात्रात बसवावी आणि पाणी घालताना बाहेर काढावी.

दुसरा प्रश्न तोंडाचा. आत रुंद आणि गळ्याशी अरुंद अशा पात्रात मुळे एकदा पसरली, की रोप बदलण्यासाठी पात्रच फोडावे लागते. तिसरा प्रश्न द्रव्याचा. डिचोलीच्या कुंभारांच्या साध्या भाजक्या मातीच्या भांड्याच्या भिंतींतून ओल झिरपते व सुकते. मुलामा दिलेल्या भांड्यात ती टिकून राहते. पत्र्याचा डबा उन्हात तापतो आणि कडेची मुळे भाजून निघतात.

मस्तकाला केशसंभार

मुखवट्याच्या कुंडीत रोपाने केसांचे काम करायचे असते. कुरळ्या, लोंबत्या केसांसाठी ‘ऱ्हिप्सॅलिस’ हे काटे नसलेले निवडुंग उत्तम. हे वाळवंटातले नव्हे, तर दमट अरण्यांत झाडांवर वाढणारे निवडुंग असल्याने कोकणपट्टीची हवा त्याला मानवते. त्याची बॅक्सिफेरा ही जात तर अमेरिका खंडाबाहेर, आफ्रिकेत आणि श्रीलंकेतही नैसर्गिकरीत्या आढळणारे एकमेव निवडुंग होय. माशाच्या काट्यासारखी पाने भासणारे ‘फिशबोन’ निवडुंगही मेक्सिकोच्या अशाच अरण्यांतले आहे. त्याची पाने म्हणजे खरे तर चपटी झालेली खोडे.

ताठ उभ्या केसांसाठी दंडगोल पानांचे स्नेक प्लांट शोभते. विस्कटलेल्या झुलपांसाठी ‘स्पायडर प्लांट’ घ्यावे. पावसाळ्यात रानभाजी म्हणून खाल्ल्या जाणाऱ्या फोडशीच्याच गणातले हे रोप आहे. म्हाताऱ्याच्या दाढीसाठी ‘स्पॅनिश मॉस’ निवडता येते. नावात ‘मॉस’ असले तरी ते शेवाळ नव्हे. अननसाच्या कुळातील ही वनस्पती मातीवाचून, पानांवाटे पाणी शोषून जगते. तिला खेळती हवा मात्र हवीच.

ओळखीची, पण दुर्लक्षित

आगळे म्हणजे परदेशीच असे नाही. पानाच्या कडेवर पिल्ले धरणारी पानफुटी मूळची मादागास्करची असली, तरी येथे इतकी रुळली आहे की तिचे नवल उरलेले नाही; कपात किंवा करवंटीत लावली की ते पुन्हा दिसते. ‘बाशिंग’ या नेच्याची रचना विलक्षण आहे. त्याची खालची पाने तपकिरी होऊन फांदीला चिकटून राहतात व पालापाचोळा साठवून स्वतःचे खत तयार करतात. चपट्या, भिंतीवर टांगायच्या पात्रासाठी तो योग्य. पानांचे द्रोण झालेला कृष्णवडही कुंडीत काही वर्षे सुखाने राहतो. पात्र तेवढे मोठे आणि जड हवे, कारण तो अखेर वडच.

पावसाळ्याची कसोटी

गोव्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातील बहुतांश चार महिन्यांत. रोपवाटिकेत हिवाळ्यात मोहक दिसणारी अनेक रोपे या चार महिन्यांत दगावतात. मण्यांच्या माळेसारखे ‘स्ट्रिंग ऑफ पर्ल्स’ आणि दगडासारखे दिसणारे ‘लिथॉप्स’ दक्षिण आफ्रिकेच्या कोरड्या भागांतले. त्यांना येथील दमटपणाच पुरेसा घातक ठरतो. मेंदूच्या वळ्यांसारखे वाढणारे निवडुंग आणि फुगीर बुंध्याचे अडेनियम छपराखाली, जवळजवळ पाण्याविना ठेवले तर निभावतात. माशा पकडणारे ‘व्हीनस फ्लायट्रॅप’ उत्तर अमेरिकेतले असून त्याला थंडीतली विश्रांती लागते. किनारपट्टीवर ती मिळत नाही आणि रोप क्षीण होत जाते. कीटकभक्षी वनस्पतीच हवी असेल तर रोपवाटिकेत तयार केलेली घटपर्णीची संकरित रोपे दमट हवेत अधिक तग धरतात. त्यांना खताऐवजी साठवलेले पावसाचे पाणी द्यावे.

निवडुंगवर्गासाठी मातीत निम्म्याहून अधिक जाड वाळू व विटांचा किंवा चिऱ्याचा चुरा असावा. झाडांवर वाढणाऱ्या जातींसाठी नारळाच्या सोडणाचे तुकडे, कोळसा आणि थोडे कुजलेले शेणखत पुरते. चिरमुळ्या भांड्यांत किंवा खालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नये; डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची अंड्यापासून डासापर्यंतची वाढ साधारण आठ ते दहा दिवसांत पुरी होते. म्हणून आठवड्यातून एकदा तरी ते पाणी ओतून ताटली घासून काढावी.

हाताशी येणारे विष

गमतीदार कुंडीकडे मुलांचा हात आधी जातो, हे निवड करताना विसरता कामा नये. डिफेनबाखियाच्या पानांतील सुईसारखे स्फटिक चावताच तोंड व जीभ सुजवतात. अडेनियमचा रस हृदयावर परिणाम करणारा आहे. शेराचा चीक डोळ्यांत गेल्यास दृष्टीला इजा होऊ शकते आणि कळलावीचा कंद तर प्राणघातक आहे. मुले किंवा पाळीव प्राणी असलेल्या घरात ऱ्हिप्सॅलिस, स्पायडर प्लांट, पेपेरोमिया ही रोपे बिनधोक. बाकीची उंचावर ठेवावीत किंवा घेऊच नयेत.

रानातून काही आणू नये

पावसाळ्यात सड्यांवर उगवणारे दवबिंदू आणि झाडांवर लोंबणारी ‘सीतेची वेणी’ ही आमरी पाहिली, की उचलून कुंडीत लावण्याचा मोह होतो. दवबिंदू सड्याच्या निकस, सतत झिरपत्या मातीवर जगणारा आहे. कुंडीतल्या खतावर तो मरतो. आमरीच्या मुळांना आपल्या आधाराच्या झाडाची सवय झालेली असते आणि तिचे बीज रुजायला विशिष्ट बुरशीची साथ लागते. एकदा उपटलेली जागा म्हणूनच लवकर भरून येत नाही. अभयारण्यातून परवानगीवाचून वनस्पती काढणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे; मेघालयातील मूळ घटपर्णीलाही त्याच कायद्याचे संरक्षण आहे. रोपवाटिकेत घेतानाही रोप तेथेच वाढवलेले आहे की रानातून आणलेले, हे विचारावे. मुळांना झाडाच्या सालीचे तुकडे चिकटलेले आणि पाने ओरबाडलेली असतील, तर उत्तर त्यातच मिळते.

पात्र, जागा, ऋतू आणि घरातली माणसे या चार गोष्टी जमल्या, की उरतो तो हौसेचा भाग. तेथे नियम नाहीत.