नागपूरचे आगंतुक आणि त्यांची नावे

नागपुरातील गांधीबागेचा घाऊक कापडबाजार ज्या वस्त्यांच्या सान्निध्यात वाढला, त्या इतवारी, हंसापुरी, मोमीनपुरा व महाल या वस्त्यांचा इतिहास म्हणजे बहुतांशी बाहेरून आलेल्या माणसांचा इतिहास होय. शहराचा आरंभच मुळी एका निमंत्रणाने झाला. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद याने १७०२ च्या सुमारास नागनदीच्या काठच्या बारा वाड्या एकत्र करून नागपूर वसविले. त्याच्यापाशी भूमी विपुल होती, पण ती कसणारे आणि कारागिरी जाणणारे हात थोडे होते. म्हणून हिंदू-मुसलमान असा भेद न करता त्याने उद्योगी माणसे आपल्या राज्यात आणून वसविली, आणि तेथील शेती व व्यापार यांची भरभराट झाली.

हे धोरण निर्मळ औदार्याचे होते असे म्हणता येणार नाही. राजाला महसूल हवा होता. तथापि त्यातील अर्थशास्त्र खरे आहे. कसबी माणूस येतो तेव्हा त्याच्या शिक्षणाचा खर्च दुसऱ्या प्रदेशाने केलेला असतो. यजमानाला त्याचे फळ तेवढे मिळते.

यावर एक आक्षेप संभवतो आणि तो नागपूरच्याच इतिहासात आहे. चांद सुलतानाच्या मृत्यूनंतर त्याच्या विधवा राणीने रघूजी भोसल्यांना साहाय्यार्थ बोलाविले. परिणामी १७४३ पासून नागपूर भोसल्यांची राजधानी झाले आणि गोंड राजा नामधारी उरला. निमंत्रण देणाऱ्याचेच राज्य गेले, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु फौज घेऊन आलेला सरदार आणि माग घेऊन आलेला विणकर यांना एकाच मापाने मोजणे हा विचारांतील आळस होय.

विणकरांपुरते पाहू. नागपूरची रेशीमकाठी धोतरे व लुगडी ही कोष्ट्यांची कीर्ती. ‘कोष्टी’ या शब्दाचा संबंध कोसा, म्हणजे टसर रेशमाचा कोश, याच्याशी जोडला जातो. नावातच कसबाचा मान आहे. उत्तर हिंदुस्थानातून आलेल्या मुसलमान विणकरांचे नशीब याबाबतीत वेगळे होते. ‘जुलाहा’ हा मूळचा फार्सी शब्द केवळ धंदा सांगतो; पण हिंदीतील म्हणींनी त्यास मूर्खपणाचा पर्याय करून टाकले. त्या समाजाने तो टाकून ‘मोमीन’, म्हणजे श्रद्धावान, हे नाव स्वीकारले, आणि मोमीनपुऱ्याच्या रूपाने ते शहराच्या नकाशावर राहिले.

एका बाजारात दोन विणकर आले की मजुरी घटते, ही भीती अगदीच निराधार नव्हे. पण हातमागावर खरा घाव पडला तो शेजारच्या मागाचा नव्हे. १८६७ मध्ये रेल्वे नागपुरास पोचली आणि तिच्याबरोबर विलायती कापड स्वस्त झाले. १८७७ मध्ये जमशेटजी टाटांनी एम्प्रेस मिल सुरू केली. तीही बाहेरच्याच माणसाची! कोष्टी आणि मोमीन या दोघांनीही पुढे गिरणीचेच सूत मागावर चढविले, आणि पुष्कळांनी गिरणीतच मजुरी धरली. एकाच संकटाखाली सापडलेल्या दोघांपैकी एकास मूळचा व दुसऱ्यास उपरा म्हणण्याने कोणाचीही मजुरी वाढली नाही.

१९४७ च्या फाळणीनंतर सिंधी कुटुंबे आली. ती बोलाविलेली नव्हती. येथे महसुलाचा हिशेब नव्हता, आणि म्हणूनच नैतिक प्रश्न प्रथमच निर्भेळ रूपात उभा राहिला. मराठीने त्यांना ‘निर्वासित’ म्हटले, हिंदीने ‘शरणार्थी’. पहिल्या शब्दात गमावलेले घर आहे, तर दुसऱ्यात मागितलेला आश्रय. फाळणीत उखडलेल्या अनेकांना दोन्ही शब्द रुचले नाहीत. उत्तरेत त्यांनी ‘पुरुषार्थी’ हा तिसरा शब्द पुढे केला. मराठीत तो रुजला नाही, ही खेदाची गोष्ट आहे. कारण किरकोळ विक्रीपासून आरंभ करून बाजारपेठेत स्थिरावलेल्या या लोकांचे वर्णन त्याच शब्दाने अधिक यथार्थ झाले असते. नागपुरात त्यांची मोठी वस्ती उत्तरेस आहे. तिचे नाव जरीपटका, म्हणजे मराठ्यांचे निशाण. आणि तेथील घरांतून सिंधी बोलली जाते.