लिनक्सवरील हार्डवेअर-ओळखीची दोषनोंद

लिनक्सला संगणकातील एखादा भाग ओळखता येत नसेल, तर तक्रार नोंदवण्यापूर्वी जमवायची तांत्रिक माहिती. ‘वायफाय चालत नाही’ ही तक्रार खरी असली तरी तिच्यावरून दोषाचा ठावठिकाणा लागत नाही. आधी उपकरण पीसीआय किंवा यूएसबी बसवर दिसावे लागते, मग त्याच्या क्रमांकाशी जुळणारा ड्रायव्हर कर्नलला सापडावा लागतो आणि पुष्कळदा त्या ड्रायव्हरला फर्मवेअरची फाइल चिपमध्ये चढवावी लागते. यांतले काहीही अडले तरी वापरणाऱ्याला दिसते ते एकच. म्हणून गाडी नेमकी कुठे अडली हे जी माहिती दाखवते तीच कामाची. तक्रारदाराचा निष्कर्ष दुय्यम.

खोक्यावरचे नाव येथे फसवे ठरते, कारण एकाच मॉडेलच्या पुढील आवृत्तीत वेगळी चिप असू शकते. ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा ‘एनएनके’ पर्यायासह चालवली की प्रत्येक पीसीआय उपकरणाचे निर्माता-क्रमांक व उपकरण-क्रमांक मिळतात (८०८६ म्हणजे इंटेल, १४ई४ म्हणजे ब्रॉडकॉम) आणि त्याखाली वापरातला ड्रायव्हर दिसतो. उपकरण यादीत आहे पण ड्रायव्हरची ओळ नाही, तर संशय ड्रायव्हरवर. यादीतच नसेल तर बायोसमधील सेटिंग आधी तपासावे. कर्नलच्या नोंदी दाखवणाऱ्या ‘डीमेसेज’मध्ये फर्मवेअर चढवताना उणे २ ही त्रुटी आली, तर फाइल जागेवर नाही एवढाच तिचा अर्थ. अशा वेळी बहुधा एखादे पॅकेज टाकून काम भागते, कर्नलच्या माथी दोष मारण्याचे कारण उरत नाही. कर्नलच्या नोंदींची जागा मर्यादित असल्याने जुन्या ओळी पुसल्या जातात. त्यामुळे पूर्ण नोंद संगणक सुरू होताच घ्यावी.

एवढा मजकूर वाचणार कोण, त्यापेक्षा ‘एरर’ असलेल्या ओळीच का पाठवू नयेत, असा आक्षेप घेतला जातो. पण जी ओळ यायला हवी होती आणि आलीच नाही, ती अशा चाळणीतून कधीच कळत नाही, आणि ओळखीच्या दोषात बहुतेकदा तीच निर्णायक असते. उबुंटूचे अपोर्ट किंवा डेबियनचे रिपोर्टबग ही साधने बरेचसे काम आपोआप करतात हे खरे. तरी मागच्या कर्नलवर हेच उपकरण बिनतक्रार चालत होते, हे त्यांना कोण सांगणार? संगणक सुरू होताना दिसणाऱ्या ग्रबच्या यादीत जुना कर्नल शिल्लक असेल तर तो सुरू करून दोन्हींच्या नोंदी जोडाव्यात. खासगीपणाची शंका मात्र रास्त आहे: नोंदींत मॅक पत्ते, अनुक्रमांक, संगणकाचे नाव येते. ते झाकावे, निर्माता व उपकरणाचे क्रमांक झाकू नयेत, कारण ड्रायव्हर त्यांच्यावरूनच निवडला जातो.