जुन्या जीपचे मागचे दिवे आणि इंडिकेटर बदलताय? आधी हे तपासा

परभणी : जिंतूर, सेलू, पालम, गंगाखेड भागात जुन्या जीपगाड्या अजून बऱ्याच दिसतात. कुणी शेताच्या कामाला ठेवली, कुणी आजोबांची आठवण म्हणून. इंजिन दुरुस्त होतं, रंग नवा होतो, पण मागचा दिवा तसाच मिणमिणता राहतो. ऊस हंगामात रात्रीच्या रस्त्यावर हीच गोष्ट जिवावर बेतते.

माझंच सांगतो. दोन वर्षांमागं समोर उसाची ट्रॉली आली म्हणून मी जीपचा ब्रेक दाबला. मागून येणारी मोटारसायकल सरळ धडकली. पोराचा पाय मोडला. चूक त्याची नव्हती. माझी ब्रेक लाईट लागलीच नव्हती. विशेष म्हणजे आठच दिवसांपूर्वी मी महागाचे एलईडी बल्ब बसवले होते. बल्ब चांगले होते, अर्थिंग गंजलेलं होतं. म्हणून ही माहिती सविस्तर देतो आहे.

नियम काय म्हणतो?

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ नुसार मागचा लाल दिवा १५५ मीटरवरून दिसला पाहिजे. साधारण दोनशे पावलं धरा. नंबर प्लेटवर पांढरा उजेड हवा आणि नंबर १५ मीटरवरून वाचता आला पाहिजे. इंडिकेटर पिवळसर नारिंगी रंगाचा असावा. त्यानं मिनिटाला ६० ते १२० वेळा उघडझाप करावी. मागं लाल रिफ्लेक्टरही हवेत. मागं लखलखणारे निळे, पांढरे दिवे लावू नका, लाल काचेवर काळा रंग मारू नका.

आधी अर्थिंग, मग बल्ब

जुन्या गाडीत दिव्याचा परतीचा करंट बॉडीच्या पत्र्यातून जातो. पत्रा गंजला, त्यावर रंग चढला की करंट अडतो. ओळखायची खूण सोपी आहे. ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर मंद होतो, किंवा इंडिकेटरसोबत पार्किंग लाईटही लुकलुकते. असं झालं तर बल्बला दोष देऊ नका.

उपाय स्वस्त आहे. प्रत्येक मागच्या दिव्याच्या होल्डरपासून वेगळी काळी वायर काढा आणि ती चेसिसला, जमलं तर थेट बॅटरीच्या मायनसला जोडा. नट बसतो ती जागा पॉलिश पेपरनं घासून चकचकीत करा, वरून ग्रीस लावा. मग दिवा चालू ठेवून मल्टिमीटर लावा. बॅटरीवर आणि होल्डरवर अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक आला, तर वायर किंवा जोड खराब आहे.

कोणता बल्ब?

मागच्या लाल दिव्यात बहुतेक १२ व्होल्टचा डबल फिलामेंट बल्ब असतो, २१/५ वॅटचा. ५ वॅट पार्किंगला, २१ वॅट ब्रेकला. इंडिकेटरला २१ वॅटचा सिंगल. दोन्ही बाजूंची ब्रेक लाईट मिळून ४२ वॅट, म्हणजे साडेतीन अँपिअर. एलईडी याच्या अगदी थोड्या करंटवर चालतो आणि लगेच पेटतो. म्हणून जुन्या डायनमोवर ताण कमी येतो.

एलईडी घेताना रंग बघा. लाल काचेमागं लाल एलईडी, नारिंगी काचेमागं नारिंगी. पांढरा एलईडी लाल काचेतून फिका, गुलाबट दिसतो. शिवाय पार्किंग आणि ब्रेक यांच्या उजेडात ठळक फरक पडला पाहिजे. दोन्ही सारखेच दिसले तर मागच्याला ब्रेक कळणार कसा?

आणखी एक. महायुद्धाच्या काळातल्या विलीज जीपला ६ व्होल्ट असायचं, आणि काही जुन्या ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचा प्लस बॉडीला जोडलेला असतो. अशा गाडीला साधा १२ व्होल्टचा एलईडी चालत नाही. आधी बॅटरी बघा, मग दुकानात जा.

एलईडी लावला, पण इंडिकेटर उघडझाप करीना

जुना फ्लॅशर बल्बच्या करंटनं तापून चालतो. एलईडी करंट फार कमी घेतो. मग इंडिकेटर एक तर नुसता पेटून राहतो, नाही तर फार भरभर चालतो. यावर एलईडीसाठीचा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर बसवा. त्याला वेगळी अर्थिंगची वायर लागते का ते बघून घ्या. काही जण बल्बशेजारी रेझिस्टर लावतात. त्यानं काम होतं, पण तो सडकून तापतो आणि करंटची बचतही जाते. प्लॅस्टिकला किंवा वायरला चिकटवून तो कधीच बसवू नका.

दुसरी अडचण म्हणजे डावा इंडिकेटर दिला की चारही लागतात. जुन्या डॅशवर दोन्ही बाजूंना मिळून एकच पायलट दिवा असतो. त्यातून थोडा करंट पलीकडं जातो आणि एलईडीला तेवढा पुरतो. दोन डायोड लावून पायलट दिव्याची दुसरी वायर अर्थिंगला दिली की अडचण मिटते. ऑटो इलेक्ट्रिशियनला हे काम माहीत असतं.

ब्रेकचा स्विच विसरू नका

ब्रेक जोरात दाबल्यावरच लाईट लागत असेल तर स्विच खराब झालाय. काही गाड्यांत तो पेडलजवळ असतो, काहींत ब्रेक ऑईलच्या लाईनवर. ऑईलच्या लाईनवरचा स्विच घरी खोलू नका. हवा शिरली तर ब्रेकच लागणार नाही. बदलल्यावर ब्रेकची हवा काढून घ्या.

मूळ रूप जपायचं असेल तर

५० वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांसाठी २०२१ मध्ये व्हिंटेज नोंदणीचे नियम आले. त्यात चेसिस, बॉडी आणि इंजिनमध्ये मोठा बदल चालत नाही. म्हणून जुनी काच, जुनं घर तसंच ठेवा. आतला बल्ब, होल्डर, वायर आणि फ्लॅशर तेवढे बदला. काढलेलं सामान डब्यात जपून ठेवा.

निघण्याआधी दोन मिनिटं

अंधार पडल्यावर घरातल्या एकाला गाडीमागं दोनशे पावलांवर उभं करा आणि हे बघायला सांगा :

• दोन्ही पार्किंग लाईट सारख्याच लागतात का?
• पार्किंग चालू असताना ब्रेक दाबला की उजेड ठळक वाढतो का?
• ब्रेक दाबून इंडिकेटर दिला तर दोन्ही नीट दिसतात का?
• नंबर प्लेटचा दिवा लागतो का? (नंबर मात्र जवळ येऊन वाचा.)

ट्रॅक्टर-ट्रॉलीलाही हीच तपासणी लागू आहे. तिथं तर रोज पिन सॉकेट घासा, त्यात माती बसते. वर लाल रिफ्लेक्टर पट्टी लावाच. वायर तुटली, बॅटरी उतरली, तरी मागच्या गाडीच्या उजेडात ती चमकते.

पुढचा दिवा आपल्याला रस्ता दाखवतो, म्हणून तो बिघडला की लगेच कळतं. मागचा दिवा बिघडला हे आपल्याला दिसत नाही, मागून येणाऱ्यालाच कळतं. माझ्या वेळी ते त्या पोराला कळलं.