मनिलाचा ताम्रपट आणि आपली बोली

शके ८२२, वैशाख वद्य चतुर्थी, सोमवार. अशी मिती वाचली की, वाचकहो, आपल्या मनात राष्ट्रकूटांच्या काळातला एखादा दानलेख येईल. ही मिती मात्र फिलिपाइन्समधल्या एका तांब्याच्या पत्र्यावरची आहे. इसवी सनाच्या हिशेबाने तो दिवस २१ एप्रिल ९००. आपल्या अक्षीचा शिलालेख शके ९३४ चा मानला जातो. श्रवणबेळगोळला बाहुबलींच्या चरणांपाशी कोरलेली मराठी ओळही या पत्र्यानंतरचीच.

माझ्या पुतण्याची मुलगी मनिलात डॉक्टरकी शिकते. तिच्या निमित्ताने त्या बंदराच्या शहरी काही दिवस राहण्याचा योग आला आणि तिथल्या राष्ट्रीय संग्रहालयातल्या या ताम्रपटाची ओळख झाली. १९८९ साली मनिलाजवळच्या लगुना प्रांतात नदीच्या मुखाशी वाळू उपसताना तो सापडला. अंतोन पोस्त्मा या डच अभ्यासकांनी तो वाचला आणि १९९२ मध्ये प्रसिद्ध केला. तोपर्यंत त्या देशाचा लेखी इतिहास १५२१ साली मॅगेलन आला तेव्हापासून सांगत. या एका पत्र्याने तो सहा शतके मागे नेला.

त्यात कोणत्या राजाचा पराक्रम नाही, देवळाला दिलेले दानही नाही. नामवारन नावाच्या माणसावर १ कटी आणि ८ सुवर्ण इतक्या वजनाच्या सोन्याचे कर्ज होते. ते फिटले, त्याची मुलगी आणि नातलग त्यातून मोकळे झाले, असा दाखला तोंडोच्या अधिकाऱ्याच्या नावाने दिलेला आहे. आपल्या जुन्या दप्तरांत याला फारखत म्हणत. लिपी जावा बेटावरच्या कवी लिपीच्या वळणाची, भाषा जुनी मलय आणि तिच्यात संस्कृत शब्दांची रेलचेल.

हे वाचून ‘आपली संस्कृती तिथवर पोहोचली होती’ असे म्हणण्याचा मोह होतो. तो आवरावा, असे मला वाटते. इथून कोणी सैन्य घेऊन तिथे शक चालू करायला गेले नव्हते. जावा आणि मलय मुलखातल्या व्यापाऱ्यांच्या हातून ही कालगणना आणि हे शब्द गेले. तिथल्या लोकांनी आपल्या गरजेपुरते उचलले आणि आपलेसे केले. आजच्या तगालोग भाषेत शिक्षकाला ‘गुरो’ म्हणतात, चेहऱ्याला ‘मुखा’, आशेला ‘आसा’. ‘बुधी’ म्हणजे सदसद्विवेक. बोलणाऱ्याला हे शब्द परके आहेत याचा पत्ताही नसतो. शब्द टिकला याची याहून मोठी खूण कोणती?

पुढे १५७१ मध्ये लेगास्पी या स्पॅनिश सेनानीने पासिग नदीच्या मुखावरचे राजा सुलेमानचे ठाणे घेतले. तिथे तटबंदीचे इंत्रामुरोस शहर उभे राहिले. अमेरिकेतली चांदी आकापुल्कोहून मनिलात येई आणि चिनी रेशीम, भांडी, हिंदुस्थानी सुती कापड तिकडे जाई. या गलबतांची ये-जा १८१५ पर्यंत चालली.

पानिपताला दोन वर्षेही झाली नव्हती, तेव्हा, सप्टेंबर १७६२ मध्ये, मद्रासहून निघालेले इंग्रजी आरमार मनिलाच्या उपसागरात शिरले. त्यात देशी शिपाईही होते. ऑक्टोबरात शहर पडले आणि १७६४ मध्ये इंग्रजांनी ते परत केले. काही शिपाई मात्र परतले नाहीत. मनिलाच्या पूर्वेला कायंता नावाचे गाव आहे, तिथे ते स्थायिक झाले, तिथल्याच मुलींशी लग्ने केली. त्यांचे वंशज आजही तिथे आहेत असे सांगतात. पण बोली तगालोग, धर्म तिथला. जी माणसे स्वतः गेली त्यांची भाषा विरून गेली आणि व्यापाऱ्यांच्या तोंडून गेलेले शब्द हजार वर्षे राहिले. पिढ्यान्‌पिढ्या महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी यावर विचार करावा.

तिसरे उदाहरण होसे रिझाल यांचे. ते लगुना प्रांतातलेच, जन्म १८६१ चा. पेशाने नेत्रवैद्य. स्वतःच्या आईच्या डोळ्यावर त्यांनी शस्त्रक्रिया केली. त्यांच्या दोन कादंबऱ्यांनी स्पॅनिश सत्ता हादरली आणि ३० डिसेंबर १८९६ रोजी मनिलात त्यांना गोळ्या घातल्या. त्या कादंबऱ्या स्पॅनिशमध्ये आहेत. आज त्यांचे देशबांधव त्या तगालोग किंवा इंग्रजी अनुवादातून वाचतात. रिझाल यांचे जीवन आणि साहित्य शिकवलेच पाहिजे, असा कायदा त्या देशाने १९५६ मध्ये केला. मूळ भाषा मागे पडली, तरी जपायचे ठरवले म्हणून साहित्य हाती राहिले.

दगडी तटाचे मात्र तसे नाही. फेब्रुवारी १९४५ च्या लढाईत जपानी आणि अमेरिकी फौजांच्या मध्ये मनिला सापडले. सुमारे एक लाख नागरिक मेले. इंत्रामुरोसमधल्या सात चर्चपैकी १६०७ चे सान आगुस्तीन तेवढे उभे राहिले.

मी होमिओपॅथीचा डॉक्टर. आमच्या शास्त्रात रोग्याच्या स्वतःच्या शब्दांना फार मोल असते. माझ्या दवाखान्यात आजी येते ती सांगते, गुडघ्यात कळ येते, रात्री ठणकतो, सकाळी चमक निघते. या तिन्हींचे औषध वेगळे असू शकते. तिचा नातू येतो आणि म्हणतो, ‘पेन होतंय.’ कसे दुखते असे विचारले की तो गप्प बसतो. त्याचे दुखणे आजीपेक्षा कमी नाही, सांगायला शब्द उरलेले नाहीत. घरात मराठी ‘आहे’ एवढ्यावर आपण समाधानी असतो. ती कशासाठी वापरली जाते, हे कोणी मोजत नाही.

संमेलने व्हावीत, व्याख्यानमाला चालाव्यात. पण त्या ताम्रपटाकडे पाहून मला वाटले, भाषा टिकते ती देण्याघेण्यात. दुकानाच्या वहीत, औषधाच्या पुडीवर, मुलाला रागावताना, शेजाऱ्याची समजूत काढताना. तिथून ती उठली की कायंताला वेळ लागत नाही, दोन-तीन पिढ्या पुरतात.

त्या पत्र्यावरची शेवटची ओळ अपुरी आहे. पुढे कोणी म्हणालाच की हे कर्ज फिटलेले नाही, तर काय, ते सांगण्याआधीच मजकूर तुटतो. पुढचा पत्रा असेल तर तो अजून सापडलेला नाही. नामवारनचे कर्ज फिटले, एवढे मात्र अकराशे वर्षांनंतरही वाचता येते. आपल्या आजी-आजोबांचे आपल्यावर जे देणे आहे ते फिटल्याचा दाखला नातवंडांनीच द्यायचा, आणि तो त्यांना मराठीत लिहिता यायला हवा.